बोटभर आधार

५ ऑगस्ट

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, दिवस मावळायच्या आत एकदा स्वतःशी खरं बोलावं, आणि बोलवत नसेल तर लिहावं. प्रयोगशाळेच्या वह्या मी पस्तीस वर्षं लिहिल्या. स्वतःची एकही लिहिली नाही. आज ही आणली. एकसष्टाव्या वर्षी दैनंदिनी धरणं म्हणजे वरातीमागून घोडं, पण असो.

आज आमची शेवटची चाचणी सुरू झाली. माझी शेवटची, आणि बहुधा या खोलीचीही. सहा महिन्यांत काही हाती लागलं तर हॉस्पिटल तोल-विभाग ठेवेल, नाही तर ही जागा त्यांना एक्स-रेसाठी हवीच आहे. चाळीस माणसं आहेत, सगळी पासष्टच्या पुढची, सगळी एकदा तरी पडलेली. हा विभाग उभा करणाऱ्या आमच्या सरांनी अखेरच्या वर्षांत बसवलेले व्यायाम त्यांच्याकडून आठवड्यातून तीनदा करून घ्यायचे आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना पाटावर उभं करून मोजायचं. गेलेला तोल शिकवून परत आणता येतो, असं सर म्हणत. सर जाऊन तीन वर्षं झाली. ते खरं होतं की नाही, हे आता मी सांगायचं.

पाट म्हणजे सरांनी आणि आमच्या मिस्त्रींनी याच खोलीत बनवलेली धातूची चौकोनी फळी. चारी कोपऱ्यांखाली वजनाचे काटे. वर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटतं आपण खांबासारखे स्थिर आहोत, आणि पडद्यावर त्याच्या डुलण्याची रेघ उमटत जाते, कंगव्यातल्या गुंतवळासारखी. रेघ जितकी लांब, तितका तोल वाईट.

रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मी स्वतः पाटावर उभी राहते. पावलं जुळवून, डोळे मिटून, तीस सेकंद. ही सरांची पद्धत. "यंत्र लबाडी करायला लागलं, की तुझी रेघ चुगली करेल," म्हणायचे. "गवंड्याचा ओळंबा तशी तू आमची." सव्वीस वर्षं माझी रेघ एकेचाळीस-बेचाळीस सेंटीमीटरवर आहे. तापातून उठून आले त्या दिवशीसुद्धा त्रेचाळीस होती.

आज सत्तेचाळीस निघाली. नव्या चाचणीची धांदल, दुसरं काय.

९ ऑगस्ट

पोस्टमनची पहिली मोजणी झाली. वय एकाहत्तर, चौतीस वर्षं एकाच भागात टपाल वाटलेलं. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडले तेव्हापासून हातात काठी. ती दाराशी ठेवा म्हटलं तर म्हणाले, "बाई, बायको माहेरी ठेवून आल्यासारखं वाटतंय."

प्रश्नावली भरून घेतली. हे प्रश्न मला झोपेतही म्हणता येतील. अंधारात चालताना अडखळता का? जिना उतरताना कठडा लागतो का? तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. पायांकडून मेंदूला मिळणारी खबर कमी झाली किंवा मेंदूला ती नीट जुळवता येईना, की माणूस नकळत डोळ्यांवर उभा राहू लागतो. साबणापायी डोळे मिटले, की उघडा पडतो.

"जातो ना," पोस्टमन म्हणाले. "म्हणून आठवड्यातून दोनदाच धुतो."

मग गंभीर झाले. त्यांना एकदाच आपल्या जुन्या वाटेने फिरायचं आहे. दोनशे अकरा दारं, काठीशिवाय. काठीशिवाय का, असं विचारलं. "तिथली कुत्री मला ओळखतात हो, काठीला नाही. काठी बघून अंगावर येतील. आणि माणसं काय, दार उघडून म्हणतील, अरेरे."

आमचा नियम त्यांना सांगितला: डोळे मिटून रेघ साठच्या आत आली, की काठी सोडायची. त्यांची आजची एकोणऐंशी.

"म्हणजे एकोणीसच उतरायच्या? तेवढ्या पायऱ्यांत तर मी दोन मजले उतरतो," म्हणाले.

माझी सकाळची रेघ आज एकावन्न. पाटाकडे बघायला हवं.

२१ ऑगस्ट

त्रेपन्न. पाट बिघडलाय यात शंका नाही.

पूर्वी दर सहा महिन्यांनी मिस्त्री वजनं लावून पाट तपासत. कोठीघरात लाकडी पेटीत वीस-वीस किलोची आठ वजनं आहेत. मिस्त्री निवृत्त झाल्यापासून ती पेटी कुणी उघडलेली नाही. नवा माणूस विभागाला मिळाला नाही आणि वजनं माझ्याच्याने उचलवत नाहीत. तशी गरजही पडली नाही, रोज सकाळी मी उभी राहतेच की.

सकाळी घरी न्हाणीघरात घसरले. साबण डोळ्यांत गेला होता आणि फरशी ओली. बेसिनची कड हाताला लागली म्हणून निभावलं. कोपराला खरचटलं आहे. धाकटी, म्हणजे माझी बहीण, यजमान गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिने धावत येऊन विचारलं, "ताई, फरशी कुठे ओली आहे?"

म्हटलं, "ओली नसती तर घसरले असते का?"

"आणि परवा चपलेला नावं ठेवत होतीस. चांभाराने एक टाच बारीक केली म्हणे."

"केलीच आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

२ सप्टेंबर

आज एक गोष्ट केली. करावी की नाही याचा आठवडाभर विचार केला, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

पाट जे मोजतो त्याला पडद्यावर येण्याआधी एका आकड्याने गुणलं जातं. तो गुणक मिस्त्रींनी बसवलेला आहे, एक. माझी रेघ आता पंचावन्नवर गेली आहे. म्हणजे पाट सगळ्यांचंच डुलणं फुगवून दाखवतो आहे. बिचारी चाळीस माणसं घाम गाळतात आणि पडद्यावर काही उतरत नाही. मी गुणक पाऊणवर आणला आणि पुन्हा उभी राहिले. एकेचाळीस.

जिवाला बरं वाटलं. विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. पण त्या विचारतील वजनं लावलीत का, मग कोठीघर, मग अर्ज, मग दोन महिने चाचणी बंद. त्या हुशार आहेत, तरुण आहेत, पण सरांच्या पद्धतीवर त्यांचा फारसा विश्वास नाही. "माणसावरून यंत्र तपासायचं? उलटं नको का, बाई?" एकदा म्हणाल्या होत्या. मी म्हटलं होतं, सव्वीस वर्षांत या माणसाने एकदाही दगा दिलेला नाही.

मन मात्र थोडं खातं. सिस्टर असत्या तर विचारलं असतं: न सांगणं हे खोटं बोलण्यात येतं का? त्यांनी काय सांगितलं असतं तेही मला ठाऊक आहे.

१८ सप्टेंबर

रेघा उतरू लागल्या! चाळीसपैकी एकतीस जणांच्या. पोस्टमन अडुसष्ट. फोमच्या गादीवर उभे राहतात, टाचेला पायाचं बोट लावून रेषेवरून चालतात, आणि चालताना ओरडतात, "रजिस्टर्ड आहे, सही करा!" सगळा वर्ग हसून पडतो. एका आजींचा हसून हसून तोल गेला. धरलं, पण आधी मीही हसले.

सरांच्या फोटोकडे बघून आज खूप दिवसांनी म्हणाले, बघताय ना?

७ ऑक्टोबर

धाकटी आज भिंत पुसत होती. माझ्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या थोडा वर एक काळपट पट्टा उठला आहे. गेल्याच वर्षी रंग दिलेला. म्हणाली, "आपल्या जुन्या घरातही अस्साच होता, आठवतं? आई दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायची."

आठवतं. आमचे बाबा भिंत धरून चालायचे. ते प्यायचे. आमच्या गल्लीत ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. आवाज चढला नाही, हात उचलला नाही, फक्त चालताना झोकांड्या जात, बोलताना जीभ जड होई. सज्जन दारुडा, म्हणत लोक.

शाळेला सोडायला येत तेव्हा ते माझ्या मागून चालत आणि माझ्या खांद्यावर एक बोट टेकवत. हात नाही, फक्त एक बोट. मला वाटे, मी रस्त्यातून भरकटू नये म्हणून. त्या बोटाचं वजनच नसे. माशी बसावी तसं. आज इतक्या वर्षांनीसुद्धा डावा खांदा उघडा वाटतो कधीकधी.

मग बक्षिसांचा दिवस. आठवला की अजून कान तापतात. मी बारा वर्षांची. सिस्टर आम्हाला डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून लांब व्हरांड्यातून चालवत. "मेणबत्तीसारख्या चाला, मुलींनो. मेणबत्ती जळते, पण वाकत नाही." त्यात मी पहिली आले होते. तोल सांभाळण्याचं बक्षीस! माझ्या आयुष्याची वाट तिथेच ठरली असावी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फाटकापासून खांद्यावर बोट. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "आज सकाळीच का गं?" आणि चारजणी फिदीफिदी हसल्या.

मी दोन पावलं पुढे झाले. बस्स, दोनच.

बाबा सभागृहाच्या पायऱ्यांवर पडले, सगळ्यांदेखत. सिस्टरनी त्यांना उठवलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

कार्यक्रमात माझ्या डोक्यावरचा शब्दकोश हलला नाही, हे मात्र खरं.

१६ ऑक्टोबर

पाट पुन्हा सरकला. सकाळी पन्नास. गुणक शून्य पूर्णांक बासष्टवर आणला. एकेचाळीस.

२८ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याचा! पोस्टमन सत्तावन्न! साठच्या आत!

मी त्यांच्या मागे हात पसरून उभी होते. आमचा नियम आहे: मागच्याने हात जवळ ठेवायचे, पण लावायचे नाहीत. माझ्या नावावर जो एकुलता एक शोधनिबंध आहे तो याच विषयावर. आधाराला वजन लागत नाही. एक बोट नुसतं टेकलं, त्यावर जराही भार दिला नाही, तरी माणसाचं डुलणं जवळजवळ निम्म्यावर येतं. शरीराला उभं राहायला फक्त कळावं लागतं, की जग कुठे आहे. म्हणून मोजताना चुकून जरी हात लागला तरी वहीत 'स्पर्श, बाद' असं लिहून पुन्हा मोजायचं. आज लागला नाही. चोख सत्तावन्न.

त्यांनी काठी माझ्या कपाटात ठेवली, आडवी, लहान मुलाला निजवावं तशी. म्हणाले, "बाई, परत मागितली तर देऊ नका. पोस्टात ठेव ठेवली समजा."

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. प्रथमच खुर्ची ओढून माझ्यापाशी बसल्या. "मी चुकले की काय असं वाटतंय," म्हणाल्या. "हे खरं निघालं तर खोली कोण मागतंय तेच बघते मी."

घरी येताना रस्त्यात एका अनोळखी माणसाने हात धरून मला पलीकडे नेलं. मी म्हातारी दिसायला लागले आहे वाटतं. आनंदाने डोळे भरले होते, म्हणून पायाखालचं नीट दिसत नव्हतं.

११ नोव्हेंबर

चहा बशीत फार सांडतो. कप बदलले पाहिजेत, या नव्या कपांना कानच धड नाहीत.

माझं अक्षर किती वाईट झालं आहे. सिस्टर पट्टी घेऊन उठल्या असत्या.

१९ नोव्हेंबर

पोस्टमन पडले.

दोनशे अकरापैकी सदुसष्टाव्या दारात. त्यांच्या मुलीने फोन केला. दार ओळखीचं होतं, घरातल्या बाईंनी "या या" म्हणत हात पुढे केला, तेवढ्यात पायरी चढताना तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं आहे, दोन ठिकाणी.

"तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना, काठी सोडा म्हणून?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

२१ नोव्हेंबर

वरच्याच मजल्यावर ठेवलं आहे त्यांना. गेले होते. पांढरे पडले आहेत, आणि अंथरुणात आपण समजतो त्याहून किती लहान दिसतो माणूस.

"बाई," म्हणाले, "कुत्र्यांनी ओळखलं बरं का."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"माझी रेघ तर चांगली होती ना? मग हा पाय कुणाचं ऐकून गेला?"

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. सत्तावन्नचा माणूस सपाट पायरीवर कसा पडतो? माझ्या मनात आलं, पाट पुन्हा सरकला असणार, उलट्या बाजूला. त्यांना गुणकाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मिस्त्रींना बोलवा. आणि वजनं काढा."

२६ नोव्हेंबर

मिस्त्री आले. अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कानांनी पार गेलेले, पण पाटाच्या चारी कोपऱ्यांवरून हात फिरवला आणि चेहरा उजळला. जुनी गाय भेटल्यासारखा. मला अजून "पोरी" म्हणतात.

दोन हमालांनी वजनं पाटावर चढवली. मिस्त्रींनी पट्टी लावून ती बरोबर दहा सेंटीमीटर सरकवायला लावली. पडद्यावर सहा पूर्णांक दोन.

"हा गुणक कुणी हलवला?" मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तो पुन्हा एकवर आणला. वजनं पुन्हा सरकवली. दहा. आडवी सरकवली, दहा. तिरपी, दहा. चार वेळा.

"पाट शुद्ध आहे, पोरी. माझ्या दाढांपेक्षा जास्त टिकला. गुणक कुणी हलवला?"

"मी," मी ओरडून सांगितलं.

"का?"

"माझी सकाळची रेघ वाढली म्हणून."

ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते. मग जवळ आले आणि मला हळू आवाजात म्हणाले, बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही पण ते बोलले, "पोरी, तू अशी पाय फाकून कधीपासून उभी राहतेस? पावलं जवळ घे बघू."

मी पावलं जवळ घेतली.

त्यांनी माझा दंड धरला आणि सोडलाच नाही. हमाल वजनं पेटीत भरत होते.

२७ नोव्हेंबर

सगळे आकडे गुणक एक धरून पुन्हा काढले. सकाळी नऊला बसले, चारला संपलं.

कुणाचीही रेघ उतरलेली नाही. चाळीसपैकी एकाचीही, सांगण्यासारखी. पोस्टमनची पहिल्या दिवशी एकोणऐंशी होती. काठी ठेवली त्या दिवशी ब्याण्णव.

सरांचा फोटो भिंतीवरून काढून पालथा ठेवला. राग म्हणून नव्हे. त्यांनी हे बघू नये असं वाटलं.

३ डिसेंबर

पोस्टमनला सांगितलं. सगळं. यंत्र खरं बोलत होतं, मी त्याचं तोंड दाबलं, माझीच रेघ बिघडली होती आणि मी ती तुम्हा सगळ्यांकडून दुरुस्त करून घेतली.

ते छताकडे बघत होते. तसेच म्हणाले, "म्हणजे आपल्या दोघांत जास्त कोण डुलतंय, बाई?"

"मी."

"मग काठी तुम्हीच वापरा. मला आता तिचा काय उपयोग." हसले नाहीत. त्यांनी विनोद करावा आणि हसू नये, असं पहिल्यांदाच झालं. मग भिंतीकडे तोंड केलं. "थकलोय हो. या तुम्ही."

त्यांची मुलगी दारापर्यंत आली. तिनेही काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

विभाग महिनाअखेर बंद होतो आहे. डॉक्टरीणबाईंनी वर पत्र लिहिलं, त्यात सगळं खरं लिहिलं आणि माझं नाव जितकं झाकता येईल तितकं झाकलं. मी ते पत्र परत घेऊन नाव स्पष्ट घातलं. त्यांनी थांबवलं नाही, पण उठून माझ्यासाठी पाणी आणलं. अर्धाच ग्लास भरून.

१० डिसेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची प्रश्नावली मी भरते. मी टेबलाच्या या बाजूला बसले. या बाजूने खिडकीतून फक्त टाकी दिसते. पस्तीस वर्षं पेशंट एवढंच बघत होते तर.

अंधारात अडखळता का? हो. जिना उतरताना कठडा लागतो का? हो. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?

त्यांनी पेन टेकवून वर पाहिलं. मी म्हटलं, "ऑगस्टपासून. त्याआधीचं मला माहीत नाही. मी मला कधी विचारलं नव्हतं."

शेवटचा प्रश्न. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?

"नाही," मी म्हटलं. सवयीने म्हटलं. मग एकेक समोर आलं. भिंतीवरचा पट्टा. जड जीभ. खांद्यावरचं एक बोट, ज्याला वजन नव्हतं.

ज्या विषयावर माझं नाव छापून आलं आहे, तो विषय सात वर्षं माझ्या खांद्यावर टेकून शाळेत येत होता. आणि मी दोन पावलं पुढे झाले.

"बाई?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिहू का नाही?"

"वडिलांना," मी म्हटलं.

११ डिसेंबर

धाकटीला विचारलं, बाबांच्या तोंडाला कधी वास आला होता का?

ती कपड्यांच्या घड्या करत होती. हात थांबले. "कधीच नाही," म्हणाली. मग खाली बसली. "आईने जाताना मला सांगितलं होतं, ताई. बाबांच्या आईलाही तसंच होतं. बाबांना ठाऊक होतं. तेच म्हणायचे, दारुडा म्हणू देत लोकांना. दारुड्याच्या मुलींना नावं ठेवतात, पण सून करून घेतात. रोग्याच्या मुली घरातच राहतात."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांच्यावर इतकी चिडलेली असायचीस. आणि मला वाटलं, तू एवढी शिकलेली, याच कामात मुरलेली, तुला कळलंच असेल. तू बोलत नाहीस म्हणून मीही बोलले नाही."

रोग्याच्या मुली घरातच राहतात. मी तर तशीही राहिले. बाबांचं एवढं सोंग माझ्यापुरतं फुकट गेलं.

डॉक्टरीणबाईंनी काल समजावून सांगितलं, जे मीच इतरांना समजावून सांगत आले. लहान मेंदू हळूहळू झिजतो. औषध नाही. व्यायामाने काय होतं ते चाळीस जणांवर मोजून झालंच आहे.

१६ डिसेंबर

आज खोली रिकामी करायची होती. धाकटी मदतीला आली. कपाट उघडून म्हणाली, "ही काठी कुणाची?" सांगितलं. तिने ती दाराशी उभी करून ठेवली, माझ्या पर्सजवळ. मी नको म्हटलं नाही.

वह्या खोक्यात भरल्या. सकाळच्या रेघांच्या सव्वीस वह्या. शेवटची उघडली. गुणक एकवर, आजची रेघ त्र्याहत्तर. "तपासणी" या रकान्यात न लिहिता पेशंटच्या रकान्यात लिहिली, पुढचा क्रमांक घालून. अक्षर ओळीवर राहिलं नाही.

धाकटी पाटाकडे बघत होती. "ताई," म्हणाली, "याची वायर काढायच्या आधी मी उभी राहू का एकदा?"

मी विचारलं, "तुला काही होतं का?"

"काही नाही गं. परवा अंघोळ करताना जरा..." मग हसली. "फरशी ओली होती."

ती पंचावन्न वर्षांची आहे. तिची लेक परगावी असते, पुढच्या वर्षी तिचं बाळंतपण आहे.

चपला काढून ती पाटावर चढली. लहान असताना माझ्या मागून शब्दकोश डोक्यावर घेऊन चालायची, दर तिसऱ्या पावलाला पाडायची आणि म्हणायची, "पुस्तकच घसरगुंडं आहे!" आताही तिने तशीच मान ताठ केली.

"पावलं जुळव," मी म्हटलं. "हात खाली. डोळे मिट. तीस सेकंद."

मी तिच्या मागे हात पसरून उभी राहिले. हात जवळ, पण लावायचे नाहीत. माझे हात हलत होते. पाठीमागे माझ्यासाठी कुणी नव्हतं, म्हणून भिंतीला टेकले. पडद्यावर रेघ निघाली. पहिला गुंता, दुसरा. मला रेघा वाचता येतात. बाकी सगळ्यात चुकले असले तरी यात मी चुकत नाही.

दहाव्या सेकंदाला मी पडद्यावरून डोळे काढून घेतले आणि तिच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकवलं.

तिने डोळे उघडले नाहीत. "आता चालतं का असं?" म्हणाली.

"चालतं," मी म्हटलं. "उभी राहा."

राहिलेले वीस सेकंद आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मग मी वहीत तिचं नाव लिहिलं, आणि रेघेच्या रकान्यात लिहिलं: स्पर्श, बाद.

पुन्हा मोजलं नाही.